यमक जुळतं म्हणून आठ

नमस्कार मंडळी. मार्च चालू आहे, म्हणून आज टार्गेटबद्दल बोलतो. या महिन्यात कुठल्याही बँकेच्या ब्रँचमध्ये जा, काउंटरमागची माणसं पार पिळून निघालेली दिसतात. माझी भाची एका खाजगी बँकेत आरएम, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर आहे. सकाळी अकरा, दुपारी एक, चार, परत सहा, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, नंबर टाका. किती लीड म्हणजे नवी गिऱ्हाइकं हेरली, किती लॉगिन म्हणजे अर्ज भरून घेतले, किती इन्शुरन्स. ज्याचा शून्य त्याचं नाव लाल रंगात, सगळ्यांसमोर. डबा उघडा ठेवून, एका हातात पोळी धरून ती फोन लावत बसते.

आता वेल्स फार्गोची गोष्ट. अमेरिकेतली बँक, 1852 सालची, घोडागाडीचं चिन्ह असलेली. या लोकांनी ठरवलं की प्रत्येक घरात आपली आठ प्रॉडक्ट पाहिजेत, म्हणजे बचत खातं, क्रेडिट कार्ड, कर्ज असं करत करत आठ. आठच का? तर त्यांचे सीईओ जॉन स्टम्फ यांनी 2010 च्या वार्षिक अहवालात स्वतःच सांगून टाकलं, एटचं ग्रेटशी यमक जुळतं म्हणून. यमक जुळतं म्हणून आठ, मंडळी! गिऱ्हाइकाला काय हवंय हा प्रश्नच नाही.

मग काउंटरवरच्या पोरापोरींना रोजचा कोटा. भरला नाही तर संध्याकाळी थांबा, शनिवारी येऊन फोन करा. आधी घरच्यांची खाती उघडून झाली, मग मित्रांची, तीही संपली तेव्हा गिऱ्हाइकाला न विचारताच, खोटे ईमेल टाकून. 2013 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं हे छापलं, त्यात एक बेघर बाई होती, तिला गळ घालून सहा खाती उघडायला लावलेली आणि महिन्याला 39 डॉलर फी. राहायला घर नाही आणि खाती सहा. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला, आणि तोवर सुमारे 5300 माणसं काढून टाकलेली होती, त्यातली बहुतेक खालच्या पायरीवरची. काहीजण म्हणाले की आम्ही एथिक्स लाइनवर, म्हणजे गैरप्रकार कळवायच्या बँकेच्याच नंबरवर, फोन करून तक्रार केली तर उलट आमचीच नोकरी गेली. पुढे संशयित खात्यांचा आकडा 35 लाखांपर्यंत गेला. स्टम्फ यांच्यावर बँकिंगमधून कायमची बंदी आणि 1.75 कोटी डॉलरचा दंड, तो आला 2020 मध्ये. म्हणजे बघा, टार्गेट वरून आलं आणि नोकरी आधी खालच्याची गेली. परत सांगतो, टार्गेट वरून, नोकरी खालच्याची.

 

आपल्याकडेही हे आहेच, लॉकर मागायला गेलात की आधी पॉलिसी घ्या. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इन्शुरन्सच्या मिस-सेलिंगबद्दल, म्हणजे नको ती पॉलिसी गळ्यात मारण्याबद्दल, बँकांना जाहीर सुनावलं होतं. पण त्यानंतरही भाचीच्या ग्रुपवर नंबर टाका चालूच आहे. माझं झोनल ऑफिसवाल्यांना एवढंच म्हणणं आहे, की आकडेच पाहिजेत ना, मग गेल्या मार्चला विकलेल्या किती पॉलिसी या मार्चला बंद पडल्या तो आकडा ग्रुपवर टाका, आणि त्याच्यापुढे विकणाऱ्या पोरीचं नाव नको, टार्गेट ठरवणाऱ्याचं नाव लिहा.