टीपी कोण देणार?

नमस्कार श्रोतेहो. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. शेजारी लेखा, म्हणून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

इथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. पुन्हा सांगतो, सर्वसहमतीने. एकाचं जरी मन मानत नसेल तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. वेळ लागतो, लागू दे. ज्या नियमाला आपण सगळ्यांसमोर होकार दिला, तो नियम रात्री कुऱ्हाड घेऊन मोडायला पाय उचलत नाही. जंगल राखायला याहून भक्कम कुंपण मला माहीत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत हे गाव. आणि इथूनच ती हकिकत सुरू होते, जी मला कुठेही सांगायला आवडते.

हक्काचा कागद हातात आला. जंगलात बांबूची बेटं तयार होती. पण बांबू विकायचा तर तो गावाबाहेर न्यायला हवा, आणि न्यायला हवी टीपी, म्हणजे वाहतूक परवाना. ट्रकमध्ये किती नग, कुठून निघाले, कुठे चालले, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो नसेल तर नाक्यावर माल अडलाच. आणि टीपीचं पुस्तक होतं वनखात्याकडे. खात्याचं तेव्हाचं म्हणणं, १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडतो, म्हणून तो लाकूडच. गावाचं म्हणणं, २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर मालात, स्पष्ट लिहिलाय, आणि गौण वनोपज आमचं. बांबू गावाचा, पण वेशीपर्यंतच!

गाव मागे हटलं नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं सोबत होती, गावात अभ्यासगट होता, कायद्याची कलमं वाचून घोटलेली होती. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले, आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हो, तेच पुस्तक! आता परवाना देणार ग्रामसभा. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, नियमांत दुरुस्ती झाली आणि टीपी देण्याचा अधिकार देशभरातल्या ग्रामसभांच्या समित्यांपर्यंत पोचला. एका गावाने धरलेला हट्ट सगळ्यांच्या कामी आला.

बांबूचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. घरात प्लास्टिकचं सूप आणू नका हो. त्यात तांदूळ धड पाखडले जात नाहीत, आणि बुरडाच्या हातचं काम जातं ते वेगळंच.

असो. पुस्तक हाती आलं म्हणजे वाटेल तेवढा बांबू तोडायचा, असं नाही. कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, तेच तोडले तर बेट वाढणार कसं? म्हणून किती तोडायचं, कोणतं राखायचं, हे आधी ठरवावं लागतं. वनखात्याचं ज्ञान इथे हवंच आहे. खात्याने शेजारी बसावं, डोक्यावर नाही. शेजारी बसावं.

तुमच्या गावाला लागून जंगल असेल आणि सामूहिक हक्काचा दावा राहिला असेल, तर सुरुवात ग्रामसभेतूनच करायची. तिथून दावा उपविभागीय समितीकडे जातो, मग जिल्हा समितीकडे. जुनं निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद, तहसीलमधून मिळतंय का बघा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. कायदा तो पुरावा मानतो. ते काम याच आठवड्यात करा. नमस्कार.