पेशीतला भोंगा

नमस्कार श्रोतेहो. परवा शेजारच्या काकूंना लघवीला जळजळ सुरू झाली. त्यांनी फ्रिजवरच्या डब्यातून मागच्या वर्षीची सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टी काढली. चार गोळ्या उरलेल्या. "दोन घेते, बरं वाटलं की बंद," म्हणाल्या. मी ती पट्टी मागूनच घेतली. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, मला राहवेना.

हा त्रास बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जिवाणू देतो. डीएनएचा पीळ सैल करणारं त्याचं एक प्रथिन असतं. सिप्रो त्याला ऐन कामात अडकवून ठेवते आणि डीएनए तुटतो. औषध पुरेसं असेल तर जिवाणू मरतो. अपुरं असेल तर?

जुन्या कोल्हापूरकरांना शाहू मिलचा भोंगा आठवत असेल. जिवाणूतही असा भोंगा आहे, पण एरवी तो दाबून धरलेला. लेक्सए नावाचं प्रथिन चाळीसेक जनुकांच्या तोंडाशी बसून त्यांना गप्प ठेवतं. डीएनए तुटला की त्याचा एकेरी धागा उघडा पडतो, त्याला रेकए हे दुसरं प्रथिन बिलगतं. या जोडीशी गाठ पडली की लेक्सए स्वतःलाच तोडून घेतं, आणि गप्प बसवलेली दुरुस्तीची जनुकं जागी होतात. भोंगा वाजला! एव्हलिन विटकिन आणि मिरोस्लाव्ह रादमान या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात ही यंत्रणा मांडली. रादमान यांनी तिला नाव दिलं एसओएस, बुडत्या जहाजाची हाक.

सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांना दिसतं. एरवी तांदळाच्या कणीसारखे दिसणारे जिवाणू थोड्या सिप्रोत ठेवले, की काही तासांत शेवयांसारखे लांबतात. दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबवायचं, वाढ मात्र चालूच, म्हणून ही लांबी.

दुरुस्ती जमली नाही, तर शेवटी हुकमाचा पत्ता निघतो, चुका करणारे पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल करणारी प्रथिनं. समोर जे येईल त्याची नक्कल ती उरकतात, चुकत चुकत. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी नेमकी त्या पीळ सोडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात पडते, आणि मग सिप्रो तिथे नीट चिकटतच नाही. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते पटकीच्या जिवाणूचं उदाहरण: त्याच्यात हाच भोंगा वाजला की प्रतिकाराची जनुकं शेजारच्या जिवाणूकडे जाण्याचं प्रमाणही वाढतं, असं 2004 साली दिसून आलं.

काकूंना मी डॉक्टरांकडे नेलं, लघवीचं कल्चर करायला दिलं, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. औषधांच्या यादीत सिप्रोसमोर एकच अक्षर होतं, आर. रेझिस्टंट.