स्पीकर हातात नाही, स्टँडवर तोलून घ्या! | मोबाइल डीजेसाठी टॉप कोणता आणि तो चढवायचा कसा

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे तारखांची मारामारी सुरू होते आणि माझ्या इनबॉक्समध्ये टॉपबद्दल, म्हणजे स्टँडवर चढवायच्या मुख्य स्पीकरबद्दल, एकच प्रश्न: "दादा, १५ इंची घेऊ का १२? किती वॅटचा घेऊ? डबल फिफ्टीन (एका पेटीत दोन १५ इंची) परवडेल का?" त्यात हल्ली ते रील फिरतायत. एक पठ्ठ्या भली मोठी पेटी एकटा डोक्यावर उचलतो आणि सहा फुटांच्या स्टँडवर ठेवतो, मागे गाणं. खाली लोक लिहितात, "पॉवर!" म्हणून आज बोलायचंच ठरवलं.

सोप्या गोष्टी पटापट उरकतो. ॲक्टिव्ह म्हणजे ॲम्प आतच असतो, पॅसिव्ह म्हणजे बाहेरून ॲम्प लावायचा. हळद, साखरपुडा, संगीत, वाढदिवस अशी कामं करणार असाल तर ॲक्टिव्ह घ्या, गाडीतली ॲम्पची रॅक वाचते. वॅटचं म्हणाल तर दुकानदार १००० वॅट म्हणाला की आधी विचारा, पीक (क्षणभराचा) की आरएमएस (सतत झेपणारा)? आणि पॉवर दुप्पट झाली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल (डीबी). कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. तेव्हा ८०० वॅट का १००० वॅट यावर कमेंटमध्ये भांडू नका रे. डेटाशीटवरचा मॅक्सिमम एसपीएल, म्हणजे जास्तीत जास्त किती मोठा आवाज निघतो, तो बघा आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं वजन बघा. झालं.

आता वजन. माझा आजचा सगळा जीव त्यातच आहे.

तुम्ही शोरूमला जाता. स्पीकर जमिनीवर ठेवलेला असतो. तुम्ही वरचं हँडल धरता, वीतभर उचलता, खाली ठेवता आणि म्हणता, "हलका आहे की!" अरे भाऊ, जमिनीवरून वीतभर उचलायला २० किलो कोणालाही हलकेच. पिंपळगावच्या मार्केटला जा. टोमॅटोची २० किलोची क्रेट तिथली माणसं दिवसभर इकडून तिकडे टाकतात. पण ती क्रेट कोणी खांद्याच्या वर नेऊन, खाली न दिसणाऱ्या भोकात ३५ मिलीमीटरचा दांडा नेम धरून बसवत नाही ना? आपण नेमकं तेच करतो. तेही नवे कपडे घालून, शेजारी फोटोग्राफर घाई करत असताना.

म्हणून दुकानात स्टँड मागा. तो तुमच्या छातीइतका उंच करा आणि म्हणा, "मला हा चढवून बघायचाय." दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे. एकदा चढवा, एकदा उतरवा. मग ठरवा.

प्लास्टिक बॉडीचे चांगल्या कंपन्यांचे ॲक्टिव्ह टॉप बहुतेक १५ ते २० किलोत बसतात. उदाहरण देतो, कोणाची जाहिरात नाही. क्यूएससीचा के १२.२ हा १७.७ किलोचा आहे. यामाहाचा डीबीआर १५ हा १९.३ किलोचा. हे एवढे हलके का? आत क्लास-डी ॲम्प असतो, जुन्या ॲम्पसारखा लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतो. आणि काही मॉडेलला फेराइटच्या ऐवजी निओडिमियम मॅग्नेट असतो, तो आकाराने लहान आणि जोर तेवढाच. याउलट लाकडी डबल फिफ्टीन पेटी घेतलीत तर ४० किलोच्या वर सहज जाते. तिचा आवाज वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण ती स्टँडची वस्तू नाही. ती बेसवर ठेवायची आणि ठेवायला दोघं लागतातच.

एक आकडा लक्षात ठेवा, २३ किलो. अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर काम करते. वजन उचलण्याचं त्यांचं एक सूत्र आहे आणि ते २३ किलोपासून सुरू होतं. हे २३ कधी? वजन अंगाला लागून असेल, कमरेच्या आसपास असेल, अंग वळवायचं नसेल, पकड चांगली असेल, तेव्हा. हात लांब गेले, उंची वाढली, कंबर वळली की तो आकडा खाली खाली येतो. आता सांगा, स्टँडवर टॉप चढवताना यातलं काय आपल्या बाजूने असतं? हात लांब, उंची जास्त, वरून कंबर वळलेली. म्हणजे २० किलोचा टॉपसुद्धा त्या क्षणी एका माणसाचं काम राहत नाही.

"दादा, बेल्ट लावला तर?" हे विचारणारे दर व्हिडिओला असतात. त्याच संस्थेचं म्हणणं आहे की धडधाकट माणसाला पाठदुखी होऊ नये म्हणून बेल्ट लावण्याची शिफारस ते करत नाहीत. बेल्ट लावला की उलट वाटतं, आता काहीही उचलू. हेल्परला तेवढ्या पैशात चहा-वडापाव द्या.

१२ का १५, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या परत तेच. सोबत १८ इंची सब (फक्त बासचा स्पीकर) असेल तर १२ इंची घ्या. सब लावल्यावर टॉपला आपण साधारण १०० हर्ट्झच्या खालचं कापतोच. मग १५ इंची कोनचा खालचा जोर घेऊन करणार काय? तो कापण्यासाठी पैसे द्यायचे आणि वर तो उचलायचाही! सब नसेल, नुसत्या दोन टॉपवर हळदी करायच्या असतील, तर १५ घ्या, बोलणं संपलं. आणि हँडल मोजा. नुसतं वर एक हँडल असलेला १५ इंची कितीही स्वस्त मिळाला तरी नको. दोन्ही बाजूंना हँडल हवं, नाहीतर दोन माणसं धरणार कुठे?

(स्टँड पुढे ओढतो.)

हा बघा. मुळात टॉप वर का न्यायचा? बासचा आवाज सगळीकडे पसरतो, पण हॉर्नचा, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या भोंग्याचा, आवाज सरळ रेषेत जातो. हॉर्न लोकांच्या छातीच्या उंचीवर राहिला तर पुढच्या दोन रांगा तो पिऊन टाकतात आणि मागच्या टेबलवाले म्हणतात, "काय बोलतायत कळत नाही." मग आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या आजीबाई उठून जातात. हॉर्न डोक्यांच्या वर हवाच. म्हणजे चढवणं टळत नाही. प्रश्न फक्त कसं.

आधी पाय. तिन्ही पाय पूर्ण उघडा. जागा वाचवण्यासाठी पाय अर्धे मिटून ठेवलेला स्टँड दिसला की माझं डोकं फिरतं. आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर दुपारी पाणी मारलेलं असतं, संध्याकाळपर्यंत एखादा पाय हळूच जमिनीत रुततो. प्लायवूडचे तीन चौकोनी तुकडे गाडीत ठेवा, प्रत्येक पायाखाली एक.

मग दांडा पूर्ण खाली. पूर्ण! स्टँड सगळ्यात बुटका असतानाच टॉप त्यावर बसवायचा. रीलमधला तो भाऊ आधी स्टँड उंच करतो आणि मग टॉप चढवतो. उलटं आहे ते. बुटक्या स्टँडवर दोघांनी दोन्ही बाजूंची हँडलं धरून टॉप उचलायचा, तिसऱ्याने खाली वाकून बघत सांगायचं, "पुढे, अजून, सोड." तिसरा नसेल तर दोघांपैकी एकजणच बोलेल, दुसरा गप्प. दोघंही बोलायला लागले की एक "सोड" म्हणतो आणि दुसरा "थांब". तेवढ्यात बोट सापडतं. आणि काही टॉपला खाली दोन भोकं असतात, एक सरळ आणि एक पुढे झुकणारं. के १२.२ ला हा झुकाव साडेसात अंशांचा आहे. कोणतं भोक वापरायचं ते उचलण्याच्या आधी ठरवा, हवेत धरून चर्चा नको.

टॉप बसला. आता लगेच वर नेऊ नका. पॉवर आणि सिग्नलच्या केबल खालीच लावून घ्या. केबलचा एक वेढा स्टँडच्या बुडाशी मारा. कोणी पायात अडकलं तर झटका बुडाला बसतो, वरच्या टॉपला नाही.

आता वर. एकाने दोन्ही हातांनी टॉप खालून उचलायचा, दुसऱ्याने स्टँडचा नॉब सैल करून दांडा धरायचा आणि पिन घालायची. पिन! नुसत्या नॉबवर २० किलो रात्रभर सोडू नका. नॉब घसरतो. पिन भोकात आरपार घालायची, मग टॉप हळूच खाली सोडून वजन पिनवर येऊ द्यायचं, मग नॉब आवळायचा. पिन हरवली म्हणून खिळा घालणारे, स्क्रूड्रायव्हर घालणारे, तार गुंडाळणारे सगळे माझ्या कमेंटमध्ये आहेत, मला माहिती आहे. पिन सुतळीने स्टँडला बांधून ठेवा ना राव.

एकटेच काम करता? मग क्रँकचा स्टँड घ्या, हँडल फिरवलं की वर जातो. महाग आहे, वजनाने जडही आहे, पण कंबरेच्या उंचीवर टॉप ठेवायचा आणि फिरवत बसायचं. आणि कोणताही स्टँड घ्या, त्यावर किती किलो झेपतात ते लिहिलेलं असतं, तेही वाचा.

उतरवताना सगळं उलट्या क्रमाने. आणि खरी गोची इथेच आहे. चढवताना आपण ताजेतवाने असतो. उतरवायचं कधी? रात्री दहाला. दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. सरकार वर्षातले ठरावीक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या चुलतभावाची हळद त्यात येत नाही. तर दहाला बंद, जेवण झालेलं नाही, लॉन्सवाला लाइट घालवतोय, मंडपवाल्यांची पोरं कापड ओढतायत. अशा वेळी कोणीतरी पिन काढून, टॉप न धरताच नॉब सोडतो आणि टॉप सरसर खाली येतो. आधी टॉपला हात, मग पिन, मग नॉब. हेल्पर नवा असेल तर त्याला नॉबला हातच लावू देऊ नका.

मंडपवाल्यांवरून आठवलं. हे डेकोरेशनवाले आपल्या स्टँडला झालरीचं कापड बांधतात. दिसायला छान. वारा आला की तेच कापड शिडासारखं फुगतं आणि स्टँड ओढतं. एका लॉनवर मी कापड सोडवायला सांगितलं तर मलाच उत्तर, "पाच मिनिटांचा प्रश्न आहे." मी गाणं लावलं नाही. कापड सुटलं. वारा जास्त असेल तर टॉप खाली घ्या, उंची कमी करा, आवाज थोडा कमी पोचेल. पोचू दे.

रंगपंचमीची कामं घेणाऱ्यांनी हे जरा वेगळं ऐका. आपल्याकडे रंग रंगपंचमीलाच. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, जिथे रहाडी (रंग खेळायचे जुने दगडी हौद) आहेत त्या भागात गल्ल्या अरुंद, जमीन ओली, हात रंगाने ओले. ओल्या हाताने प्लास्टिकचं हँडल निसटतं. खिशात कोरडा पंचा आणि रबरी पकडीचे हातमोजे ठेवा. तिथे मी स्टँड वापरतच नाही. गर्दीत कोणीही धक्का देतं. टॉप सबवर ठेवून पट्ट्याने आवळतो.

सबबद्दल एवढंच की लाकडी १८ चे ॲक्टिव्ह सब ४०-५० किलोंचे असतात, त्यांना चाकं लावून घ्या. छोटा हत्तीत चढवायला फळी ठेवा. गाडीत सब केबिनला टेकवून, पट्टा मारून. चाकांवर उभा सोडू नका. द्वारका सर्कलला एक ब्रेक बसला की सगळा सेट पुढे येतो. उरलेलं सबच्या वेगळ्या व्हिडिओत.

शेवटची कमेंट, ही मला आवडली: "दादा, हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त पाहुण्यांसाठी. काय करायचं?" बुकिंग घेतानाच विचारायचं, मजला कोणता, लिफ्ट मिळणार का, गाडी दारापर्यंत येते का. जिना असेल तर प्रत्येक पेटीमागे दोन माणसं, आणि मजल्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळी ओळ लिहून. तोंडी सांगू नका, मुलीचे मामा नंतर विसरतात.