तळघरातला पोहरा

मंडळी, इस्तंबूलच्या भूमिगत टाक्याची गोष्ट बहुतेक जण मेदूसाच्या, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीच्या, दगडी मुखांपासून सुरू करतात. मी ती उन्हाळ्यापासून सुरू करतो, कारण हे टाकं खणलं गेलं तेच उन्हाळ्यासाठी.

तेव्हा या शहराचं नाव कॉन्स्टँटिनोपल होतं. तीन बाजूंनी समुद्र, पण त्यातला घोटभरही पिण्याजोगा नाही. गोडं पाणी लांबच्या डोंगराळ भागातून, उंच कमानींवरच्या पाटांनी यायचं. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपिअस सांगतो, की इतर ऋतूंत हे पाणी गरजेपेक्षा जास्त येई आणि वाया जाई. उन्हाळ्यात मात्र शहर तहानलेलं राही. म्हणून ५३२च्या मोठ्या दंगलीत शहराचा मध्यभाग जळाल्यानंतर पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने, जिथे वकील खटल्यांची तयारी करत बसायचे त्या चौकाखाली हे टाकं बांधून घेतलं.

लांबी सुमारे १३८ मीटर, रुंदी ६५. आत ९ मीटर उंचीचे ३३६ खांब, बारा रांगा आणि प्रत्येक रांगेत अठ्ठावीस. अंदाजे ८ कोटी लिटर पाणी मावेल असं हे पोट. भिंती विटांच्या, तब्बल ४ मीटर जाड, आणि आतून सुरखीचा गिलावा. भाजलेल्या विटांची भुकटी चुन्यात मिसळली की तो चुना ओलाव्यातही घट्ट धरतो आणि पाणी झिरपू देत नाही. खांबांकडे सगळ्यांचंच लक्ष जातं. माझ्या मते टाकं टिकलं ते या गिलाव्यामुळे.

साठवलेल्या पाण्याची किंमत या शहराला वेढ्याच्या दिवसांत कळली. ६२६ साली अवार या भटक्या लढाऊ टोळ्यांनी वेढा घातला आणि व्हॅलेन्स या जुन्या सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा पाट तोडला. तो पुन्हा वाहता झाला ७६६च्या सुमारास. एकशे चाळीस वर्षं! त्या काळात शहराची मदार उरलेल्या पाटांवर आणि अशा टाक्यांवर होती.

१४५३ मध्ये शहर उस्मानी तुर्कांच्या हाती आलं. त्यांना साठलेल्या पाण्यापेक्षा वाहतं पाणी पसंत होतं, तेव्हा कारंजी आणि नळ वाढले. टाक्यावर घरं उभी राहिली. टाकं मागे पडलं, पाणी मात्र वापरात राहिलं. वरच्या घरांतली माणसं विहिरीसारख्या भोकातून पोहरा सोडायची आणि रोजचं पाणी शेंदायची. आपल्या जमिनीखाली एवढा मोठा महाल भरलेला आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती.

१५४०च्या दशकात पेत्रुस गिलिअस हा फ्रेंच विद्वान इथे आला. प्राचीन अवशेष शोधत तो गल्लीबोळ पालथे घालत होता. एका घरातून तो खाली उतरला, तर तिथे छोटी होडी! घरमालकाने मशाली पेटवल्या आणि खांबांमधून त्याला फिरवून आणलं. गिलिअस खांब मोजतोय, लांबी-रुंदी टिपतोय. मालकाचं सगळं लक्ष मात्र मासे मारण्यात. मशालीच्या उजेडात त्याने भाल्याने काही मासे टिपलेसुद्धा. वरच्या विहिरीच्या तोंडातून उजेडाचा बारीक कवडसा पाण्यावर पडायचा आणि मासे तिथे श्वास घ्यायला जमायचे, असंही गिलिअसने लिहून ठेवलंय. हे वाचताना मला नेहमी भरून येतं. एकाच होडीत दोन माणसं, एकाला हजार वर्षांपूर्वीचं साम्राज्य दिसतंय, दुसऱ्याला रात्रीचं जेवण, आणि दोघांचंही बरोबर आहे. तशा अंधुक उजेडात गिलिअसने खांब मोजले ते ३३६. आजही आकडा तोच आहे.

पुढे दुरुस्त्या होत राहिल्या, गाळही साचत राहिला. १९८०च्या दशकात महापालिकेने तो उपसला, चालायला फळ्यांची वाट केली आणि १९८७ मध्ये टाकं लोकांसाठी खुलं झालं. त्या उपशात वायव्य कोपऱ्यातल्या दोन खांबांच्या तळाशी मेदूसाची मुखं निघाली, एक आडवं, एक उलटं. त्यावर कितीतरी दंतकथा आहेत. मी खांबांकडे बघतो तेव्हा गवंडी दिसतो. इथले कितीतरी खांब जुन्या इमारतींतून आणलेले, कोणाचा दगड वेगळा, कोणाचा माथा वेगळा. हे दोन आखूड पडले असतील, त्याने हाताशी आलेला कोरीव दगड खाली सारला असेल आणि नीट बसेल तसा फिरवला असेल. टाकं एकदा भरलं की तो चेहरा कोणाला दिसणार होता?