अंगणात उतरवलेलं पद्मिनीचं इंजिन

(सकाळ. अंगण. बॉनेट काढून ठेवलेली गाडी.)

ही प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. डिझाईन मूळ इटलीच्या फियाटचं, म्हणून गावात अजून सगळे हिला फियाटच म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला मुंबईतली पद्मिनीची काळी-पिवळी बंद झाली तेव्हा लोकांनी किती फोटो काढले, स्टेटस ठेवले. ही मात्र घरची गाडी, कोल्हापूरजवळ अण्णांच्या अंगणात उभी आहे आणि अण्णांना ती पुन्हा रस्त्यावर आणायचीय.

इंजिन गरम झालं की ऑईलचा दिवा लुकलुकायचा आणि खालून टकटक ऐकू यायची, म्हणजे क्रँकची, इंजिनच्या आत फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, बेरिंगं गेली. गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून अण्णा म्हणाले, उतरवायचं काम आपण घरीच करू, फक्त मशीनिंगचे, म्हणजे यंत्रावर भाग घासून घ्यायचे, पैसे देऊ.

आता ही लोखंडी घोडी बघा, तीन पायांची. बोअरमधली मोटर वर ओढायला वापरतात तीच, शेजारच्या बोअरवाल्यांकडून दोन दिवसांसाठी आणलीय. वर लटकतेय ती एक टनाची चेन कुप्पी, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, ती भाड्याची. वर्कशॉपमधली क्रेन विकत घ्यायची म्हणजे एका कामासाठी केवढा खर्च, आणि नंतर ती ठेवायची कुठं. पाने मागून आणले, बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे, वायरींना चिकटपट्टी आणि त्यावर पेननं नंबर, इथं सगळीकडं पैसे वाचवले. पण ज्याच्यावर वजन लटकणार त्यात एक रुपया सुद्धा वाचवायचा नाही. नायलॉनची दोरी नको, गंजलेला बोल्ट नको, आणि साखळीची एकेक कडी हातानं फिरवून तपासायची. हे अण्णा करतायत बघा, चष्मा लावून, उन्हात, घाई नाही.

सुरुवात बॅटरीपासून, निगेटिव्ह आधी काढायची. मग पेट्रोलचा पाईप सोडून लगेच तोंड बंद करायचं, आणि त्या दिवशी अंगणात बिडी-काडी कुणालाच नाही, पाहुण्यांना पण नाही. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. हे हिरवं पाणी खाली सोडतायत ते कूलंट, चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे, तेव्हा घमेल्यात धरलं की लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावायचं. जुनं ऑईल पण कॅनमध्येच, गटारात नाही.

सायलेन्सरचे नट गंजून बसलेले. आदल्या रात्री डिझेल आणि ऑईल मिसळून सोडलं होतं तरी एक नट तासभर हलला नाही. यासाठी खाली झोपावं लागतं, म्हणून चाकांना ठोकळे लावून गाडी लोखंडी स्टँडवर घेतलीय. विटा रचून त्यावर गाडी टेकवलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीय, कृपा करून तसं करू नका, वीट तडकते ती सांगून तडकत नाही. नुसत्या जॅकवर ठेवून तर खाली जायचंच नाही.

खालचं सगळं सुटल्यावर गाडी परत चाकांवर आणली. पद्मिनीचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, मागं गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट मागच्या चाकांना. इंजिन सोडलं की गिअरबॉक्सचं पुढचं तोंड खाली पडतं, म्हणून आधी फळी ठेवून जॅकचा आधार दिला आणि नंतर वरून आडवी पहार टाकून गिअरबॉक्स तिला दोरानं बांधला, कारण पुढं गाडी ढकलायचीय आणि तेव्हा खाली जॅक असून चालणार नाही.

घोडीचे दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना आणि तिसरा पुढं, तिन्ही पाय मातीत वीतभर खड्डे करून रोवलेत आणि खालून साखळीनं एकमेकांना बांधलेत. फरशीवर ही घोडी उभी करायची असेल तर पाय बांधणं आणखी गरजेचं, नाहीतर भार आला की पाय सरकतात.

(साखळीचा आवाज. इथं निवेदन नाही.)

भार साखळीवर आल्यावर फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट काढले, चार बोटं उचललं आणि थांबलो. पाचेक मिनिटं कुणी काही केलं नाही, फक्त घोडीचे पाय बघितले, कड्या बघितल्या. मग इंजिन सरळ पुढं ओढायचं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत. हे जरा समजून घ्या, शाफ्ट अर्धा आत असताना वर ओढलं तर इंजिनचं सगळं वजन क्लच प्लेटवर येतं आणि प्लेट वाकते, मग वाचवलेले पैसे तिथंच गेले. अडकलं तर जोर लावायचा नाही, कुठला तरी बोल्ट राहिलाय असं समजायचं. आमचा एक राहिला होता, स्टार्टरच्या मागं.

आणि आता हे बघा. इंजिन जागेवर लटकलेलं आहे आणि मागं जातेय ती गाडी. ठोकळे काढले, दोघांनी दारांच्या खांबांना धरून ढकलली, गाडीसमोर कुणीही नाही, इंजिनखाली कुणाचा पाय नाही, पोरांना आधीच माडीवर पाठवलेलं. अण्णा एका हातानं साखळी धरून उभे आहेत आणि काहीच बोलत नाहीत.

(अण्णांचा चेहरा. इंजिन हळूहळू जुन्या टायरवर टेकतं.)

क्रँक आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, टेम्पोनं कोल्हापूरच्या उद्यमनगरला मशीनिंगला गेलेत, क्रँक घासून अंडरसाईज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी, बेरिंगं टाकायला लागतील. दुसरं इंजिन घातलं असतं तर आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागला असता, तो प्रश्न आला नाही.

वजन गेल्यामुळं गाडीचं नाक चार बोटं वर आलंय. भिंतीजवळ डबे ओळीनं ठेवलेत, प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात लिहिलंय कुठला बोल्ट कुठला ते.