स्वप्न बोटांना कळलं पाहिजे

मंडळी, नमस्कार.

आज मी ज्या छोट्या व्हिडिओ गेम्सविषयी बोलणार आहे ते सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं आटोपून बसलात तर रात्रीच्या जेवणापर्यंत संपतात. ‘लिम्बो’ तीन-चार तासांचा. ‘इन्साइड’ तेवढाच. ‘ग्रिस’ही तसाच. ‘ब्रेइड’ थोडा जास्त वेळ घेतो, तोही कोडी अडली तर. संवाद जवळजवळ नाहीत. गुणांची गणती नाही, कोपऱ्यात किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी नाही. एक छोटी आकृती डावीकडून उजवीकडे चालते, उड्या मारते, वस्तू ओढते, ढकलते. आणि भोवतालचं जग स्वप्नातल्यासारखं असतं. दिसतं ओळखीचं, पण कायदे निराळे.

मला हे गेम मनापासून आवडतात. या प्रकारातले बरेचसे गेम फसतात, हेही तितकंच खरं, आणि ते का फसतात ते सांगितल्याशिवाय चांगले का चांगले आहेत ते नीट सांगता येत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा गेममधला विचित्रपणा चित्रात असून भागत नाही, तो नियमात असावा लागतो. डोळ्यांना विचित्र काहीही दाखवता येतं. बोटांना विचित्र वाटायला लावणं, ही या प्रकाराची खरी कमाई आहे.

बोलता बोलता काही गेम्सचे शेवट फोडावे लागतील. त्याला इलाज नाही.

‘लिम्बो’पासून सुरुवात करू. कोपनहेगनच्या प्लेडेड या छोट्या स्टुडिओने २०१० साली तो काढला. कल्पना आर्न्ट येन्सन यांची. सगळं काळं-पांढरं-करडं, एका जंगलात एक मुलगा जागा होतो. पुढे एक राक्षसी कोळी भेटतो. झाडाआड बसलेला, मुलगा जवळ आला की भाल्यासारखा पाय खुपसणारा. आपल्याकडे हत्यार नाही. तो पाय जमिनीवर आदळतो तेव्हा झाड हादरतं आणि फांदीत अडकलेला लोखंडी सापळा खाली पडतो. तो सापळा ढकलत न्यायचा, पाय जिथे पडतो तिथे ठेवायचा आणि मागे सरकायचं. एवढंच कोडं. पाय तुटतो, कोळी पळतो. बरंच पुढे तोच कोळी पुन्हा भेटतो, आता एकच पाय उरलेला. तोवर त्याच्या जाळ्यात गुंडाळले जाऊन, उड्या मारत निसटून आपण इतके घाबरलेलो असतो की सुटका एवढंच डोक्यात असतं. समोर काट्यांनी भरलेला खड्डा. उडी पोचत नाही. ओढता येईल अशी एकच वस्तू आसपास आहे: तो शेवटचा पाय. आपण बटण दाबून धरतो, मागे ओढतो, पाय उपटला जातो. उरलेलं धड आपण गडगडत खड्ड्यात ढकलतो आणि त्यावर पाय देऊन पलीकडे जातो.

इथे क्षणभर थांबा. कुणी सांगितलं नाही की तू क्रूर आहेस. पार्श्वसंगीताने रडायला लावलं नाही. कोड्याचं उत्तर सापडल्याचा आनंद आणि आपण काय केलं याची शिसारी, दोन्ही एकाच बटणातून आले. पाहणाऱ्याला हे दृश्य दिसेल; ओढणाऱ्याला ते लागेल. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २००८ मध्ये जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेइड’ आला होता. त्यातली चित्रं डेव्हिड हेलमन यांची, जलरंगांसारखी ओली. टिम नावाचा माणूस राजकन्येला शोधतोय. इतकी घिसीपिटी गोष्ट की हसूच यावं. पण त्यात वेळ मागे नेता येते. मेलात, मागे न्या. चुकलात, मागे न्या. मग एकेका जगात त्या वेळेचा नियम बदलत जातो. एका जगात काही वस्तूंवर वेळ मागे नेण्याचा परिणामच होत नाही. दुसऱ्यात वेळ तुमच्या पायांना बांधलेली असते: उजवीकडे चाललात तर वेळ पुढे, डावीकडे आलात तर मागे, उभे राहिलात तर सगळं जग थबकलेलं. तिसऱ्यात तुम्ही वेळ मागे नेलीत की आधी केलेल्या हालचाली करणारी तुमची सावली निघते, आणि एक काम तुम्ही, एक काम ती, असं करावं लागतं. चौथ्यात एक अंगठी खाली ठेवायची, तिच्याजवळ वेळ मंदावते.

या सगळ्याचं चीज शेवटच्या जगात होतं. तिथे वेळ मुळातच उलटी वाहते. एक सरदार राजकन्येला पळवून नेत असतो, ती त्याच्या तावडीतून सुटते. मग वर ती धावते, खाली आपण. ती आपल्यासाठी अडसर दूर करतेय असं दिसतं, आणि आपण तिच्या घरापाशी पोचतो. आता वेळ मागे न्यायची, म्हणजे या जगात सरळ करायची. आणि तेच सगळं उलगडतं. ती आपल्यापासून पळतेय. अडसर दूर करत नव्हती, आपल्या वाटेत अडथळे टाकत होती. आणि सरदार तिला आपल्या तावडीतून सोडवून नेतोय. इतके तास जी क्रिया आपण चुका पुसण्यासाठी वापरली, तीच क्रिया आपल्याला आपलं खरं रूप दाखवते. चित्रपटात हे उलट-सुलट दाखवता येईल. पण इथे ती रीळ आपल्याच बोटाने फिरते.

आता लांबीबद्दल. लहान म्हणजे अपुरा, अशी तक्रार नेहमी होते. ‘ब्रेइड’ पंधरा डॉलरला आला तेव्हाही झाली. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा लंडनच्या असटू स्टुडिओचा मोबाइलवरचा सुंदर गेम २०१४ साली आला, अवघ्या दहा पातळ्यांचा. त्याच वर्षी नव्या पातळ्या थोडे पैसे घेऊन दिल्या, तर चिडलेल्या लोकांनी पाचपैकी एकच तारा देऊन ठेवला. मला ही तक्रार पटत नाही. ‘ब्रेइड’मध्ये एकही कोडं खोगीरभरतीचं नाही. एखादा नियम हातात आला की त्यातून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि उठायचं, ही शिस्त तास मोजून येत नाही. ‘इन्साइड’वर प्लेडेडने सहाएक वर्षं घालवली आणि हाती दिला तीन-चार तासांचा गेम. त्या गेममध्ये मुलगा चिखलात कसा अडखळतो, कुत्रा मागे लागल्यावर धापा कशा टाकतो, हे नुसतं बघितलं तरी ती वर्षं कुठे गेली ते कळतं. ध्वनी रचणारे मार्टिन स्टिग अँडरसन यांनी आवाज खऱ्या मानवी कवटीतून पाठवून पुन्हा रेकॉर्ड केले. हेडफोन लावून खेळलात तर ते पोकळ, आतून येणारं घुमणं जाणवतं.

लांबीची खरी अडचण दुसरीच आहे, ती व्यवहाराची. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून नियम आहे: चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ग्राहकासाठी चांगला नियम, माझा विरोध नाही. पण दीड तासाचा गेम काढणाऱ्याचं काय? ‘समर ऑफ फिफ्टी-एट’ नावाच्या छोट्या भयगेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये जाहीर केलं की लोक गेम पूर्ण खेळतात, आवडला म्हणून लिहितात आणि पैसेही परत मागतात, तेव्हा आपण हे काम अनिश्चित काळासाठी थांबवतोय. मग पुढचा माणूस काय शिकतो? दोन तासांची रेघ ओलांडायला पाणी घालायला शिकतो. रिकामे बोळ लांबवतो, शिडी चढायला जास्त वेळ लावतो. मला याचं वाईट वाटतं, कारण या प्रकाराचा जीव आटोपशीरपणातच आहे.

पण सगळा दोष बाजारावर ढकलता येणार नाही. या गेम्सचे आतले दोषही आहेत, आणि ते चांगल्यांतसुद्धा आहेत.

‘लिम्बो’चाच उत्तरार्ध घ्या. जंगल संपतं, कोळी संपतो, आणि आपण कारखान्यात येतो: करवती, चुंबकं, गुरुत्वाकर्षण उलटवणारी यंत्रं. कोडी जास्त हुशार होतात, मान्य. पण त्या मुलाला तिथे भीती कशाची? जंगलात प्रत्येक कोडं म्हणजे कुणीतरी तुमच्या जिवावर उठलेलं होतं. कारखान्यात ती प्रयोगशाळेतली उपकरणं होऊन बसतात. आणि मरण्याचा प्रश्न आहेच. गवतातला सापळा पहिल्या वेळी दिसणं कठीण. आधी मरायचं, मग कळायचं. प्लेडेडने हे मुद्दाम केलंय, आणि सुरुवातीला त्याचा धाक बसतो. पण तेच पुन्हा पुन्हा झालं की मरणाचं काही वाटेनासं होतं. मुलाचं मुंडकं उडतं आणि आपण कंटाळून जांभई देतो. भयाच्या गेममध्ये यापेक्षा मोठा तोटा कोणता?

दुसरा दोष मोघमपणाचा. ‘अर्थ तुम्हीच लावा’ हे वाक्य या प्रकारात फार स्वस्त झालंय. ‘ब्रेइड’मध्येही मधल्या खोल्यांत पुस्तकं ठेवलीत, त्यातला मजकूर वाचून कधी वाटतं प्रेमभंगाची गोष्ट आहे, शेवटाकडे तर अणुबॉम्बचा इशारा येतो. मला तो मजकूर अनावश्यक वाटतो. शेवटच्या पातळीने जे विनाशब्द सांगितलं, तेच ही पानं अंधूक करून टाकतात. ‘ग्रिस’चं उलट. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा २०१८ चा गेम, चित्रकार कॉनराद रोसेत यांचे रंग पाहून थक्क व्हावं. दुःखात बुडालेली मुलगी, हरवलेले रंग एकेक करून परत येतात. तिचा झगा जड ठोकळा होतो आणि वादळात ती जागेवर टिकून राहते, ही कल्पना मला फार भावली, कारण तिथे दुःखाचं वजन बटणाला आलंय. पण बाकी बराचसा वेळ आपण सुंदर चित्रातून चालत असतो. मरण नाही, अडणं फारसं नाही. आणि गेममधल्या बक्षिसांना शोकाच्या अवस्थांची नावं दिलीत! जे चित्राने सांगितलं त्याला वर चिठ्ठी कशाला चिकटवायची?

‘इन्साइड’ मला या दोन्हींतून सुटलेला वाटतो. तो काय सांगतो हे कुठेही लिहिलेलं नाही, पण प्रत्येक कोडं एकाच गोष्टीभोवती फिरतं: कोण कुणाला चालवतंय. शिरस्त्राण डोक्यात घातलं की निर्जीवासारखी माणसं आपल्या हालचालीने चालतात. एके ठिकाणी अशाच एका माणसाला शिरस्त्राणापर्यंत न्यायचं आणि त्याच्यामार्फत तिसऱ्याला चालवायचं. दुसरीकडे तपासणीच्या रांगेत उभं राहून इतर थांबले की थांबायचं, वळले की वळायचं. एक पाऊल चुकलं की पकडले गेलात. मग गेममध्ये लपलेला दुसरा शेवट सापडतो. तिथे मुलगा एक वायर उपटतो आणि जागच्या जागी वाकून निश्चल होतो. त्याला कोण चालवत होतं, हे कंट्रोलर हातात असलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इथे गूढ आहे, मोघमपणा नाही.

यानंतर अशाच गेम्सची जी लाट आली तिच्याबद्दल थोडक्यात. एकटं लहान मूल, अंधार, धुकं, पाठलाग करणारं काहीतरी, डावीकडून उजवीकडे. साच्यातल्या गणपतींसारखे ते ओळीने मांडता येतात. रंग वेगळे, मूर्ती एक. ओळखायची माझी एक कसोटी आहे, तुम्हीही लावून बघा. गेमचा सलग व्हिडिओ यूट्यूबवर असतोच. तो बघून तुम्हाला गेम खेळल्याइतकं मिळालं, तर त्या गेममध्ये बोटांसाठी काही नव्हतं. कोळ्याचा पाय मात्र व्हिडिओत नुसता तुटतो.

समोर बरेच विद्यार्थी दिसताहेत, काहींना स्वतः गेम करायचेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ काढून दाखवला. प्रकार वेगळा, पण इथे बसून हे होतं हे त्यांनी सिद्ध केलं. तुम्ही आधी धुकं रंगवायला बसू नका. चित्रं न काढता नुसत्या करड्या ठोकळ्यांवर नियम उभा करा आणि तो ठोकळ्यांतही चमत्कारिक वाटतो का ते बघा. ‘लिम्बो’ आणि ‘इन्साइड’ची कोडी रचणारे येप कार्लसन यांनी पुढे वेगळी चूल मांडून २०२३ मध्ये ‘कोकून’ आणला. त्यात उडीच नाही, एकच बटण आहे, एकही शब्द नाही. पाठीवर एक गोळा असतो आणि त्या गोळ्यात एक अख्खं जग. नारिंगी गोळा पाठीवर असला की न दिसणाऱ्या वाटा पायाखाली उमटतात. पण त्याच्या आत शिरायचं तर आधी तो खाली ठेवावा लागतो. आणि एका जगात शिरताना दुसरं जग पाठीवर घेऊन जाता येतं. हा नियम करड्या ठोकळ्यांवरही तितकाच चक्रावून टाकेल. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो आधी खेळा, ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी ‘लिम्बो’. आता प्रश्न घेऊ या.