दहा हजार फेरे

(दृश्य: कोठडीत बसवलेली लोखंडी पेटी. कॅमेरा हँडलवर स्थिर.)

पेटीच्या बाहेर एक हँडल, आत हँडल जड व्हावं म्हणून लावलेलं वजन, आणि फेरे मोजणारी तबकडी. इंग्रजांच्या तुरुंगांत याला ‘क्रँक’ म्हणत. अंदमानचा कोलू आपल्याला ऐकून माहीत असतो. त्यातून निदान तेल गळायचं. क्रँकमधून काहीच निघत नाही. हँडल फिरवायचं, एवढंच.

बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात, 1853 साली, दिवसाचा हिशेब ठरलेला होता. न्याहारीआधी 2,000 फेरे, जेवणाआधी आणखी 4,000, रात्रीच्या खाण्याआधी पुन्हा 4,000. तबकडीवर आकडा भरला नाही, तर ताटाऐवजी पाव आणि पाणी. उपाशी माणूस दुसऱ्या दिवशी आणखी कमी फिरवणार, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही.

(दृश्य: तुरुंगाचं जुनं रेखाचित्र.)

हा तुरुंग 1849 साली उघडला. पहिले गव्हर्नर कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनोकी. चांगल्या वागणुकीचे गुण देऊन कैद्याला स्वतःची सुटका जवळ आणू द्यावी, असं मानणारा माणूस. त्यांना 1851 मध्ये बाजूला सारण्यात आलं आणि त्यांचेच दुय्यम, लेफ्टनंट विल्यम ऑस्टिन, त्या खुर्चीवर बसले.

मार्च 1853 च्या अखेरीस एडवर्ड अँड्र्यूज आत आला. वय 15. गुन्हा, चार पौंड गोमांसाची चोरी. शिक्षा, तीन महिने. फेरे पुरे होईनात, तेव्हा त्याला घट्ट जॅकेटात आवळलं, गळ्यात कडक चामड्याची पट्टी बांधली आणि भिंतीला जखडून तासन् तास उभं केलं. अंगावर पाणी ओतलं. 27 एप्रिलला तो कोठडीत गळफास घेतलेला सापडला.

मृत्यूची चौकशी झाली, आणि भिंतीआडच्या गोष्टी गावभर झाल्या. बर्मिंगहॅमचे स्थानिक राजकारणी जोसेफ ऑलडे यांनी विषय लावून धरला. त्याच वर्षी शाही आयोग शहरात बसला.

(दृश्य: आयोगाच्या अहवालाची पानं.)

आयोगाने आधी क्रँकच तपासला. मुलांच्या क्रँकवर वजन पाच पौंडांचं म्हणून नोंदलेलं होतं, पण प्रत्यक्षात लागणारी ताकद कितीतरी जास्त निघाली. एवढे फेरे पुरे करायला मुलाला गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या एक चतुर्थांश काम करावं लागलं असतं. बाहेर मोलमजुरी करणारा मुलगा करतो साधारण एक दशांश. म्हणजे पोर कामचुकार नव्हतं, त्याला दिलेलं कामच अशक्य होतं.

एका कैद्याच्या तोंडात मीठ कोंबल्याचंही बाहेर आलं. हे करणारा तुरुंगाचा डॉक्टर! मॅकोनोकींच्या काळातही कायद्याबाहेरच्या शिक्षा झाल्या होत्या, हे आयोगाने झाकलं नाही.

मला यात सर्वांत खटकतं ते वेगळंच. या तुरुंगात पाहणाऱ्यांची वाण नव्हती. धर्मगुरू होता, डॉक्टर होता, तपासणीला येणारे दंडाधिकारी होते. आयोगाने या दंडाधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणावर बोट ठेवलं. गव्हर्नर सांगेल ते खरं मानायचं, अशी त्यांची तपासणी. कोठडीत जाऊन त्यांच्यापैकी एकाने जरी ते हँडल स्वतः शंभर वेळा फिरवलं असतं, तरी पुरे होतं.

ऑस्टिन यांनी राजीनामा दिला होताच. पुढे 1855 मध्ये वॉरिकच्या न्यायालयात ते दोषी ठरले. शिक्षा, तीन महिने. चार पौंड मांसाला होती तेवढीच.

(दृश्य: विन्सन ग्रीनचं आजचं प्रवेशद्वार.)

हा तुरुंग आजही चालू आहे. डिसेंबर 2016 मध्ये इथे मोठी दंगल झाली. ऑगस्ट 2018 मध्ये मुख्य तुरुंग निरीक्षकांनी आतली घाण आणि हिंसा सरकारपुढे मांडली, तेव्हा सरकारने खाजगी कंपनीच्या हातातला कारभार स्वतःकडे घेतला.